भेगांवरून आठवलं

परक्या लष्कराच्या ताब्यातल्या प्रदेशात राहणाऱ्या चित्रकाराचं काम शेवटी प्रचाराचं पोस्टरच होतं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. पॅलेस्टाइनचे चित्रकार स्लिमान मन्सूर बघा. १९८७ साली पहिला इंतिफादा (इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी लोकांचा उठाव) पेटल्यावर त्यांनी आणि मित्रांनी इस्रायली रंग घेणंच सोडलं. मेंदी, माती, जे हाताशी होतं त्यात काम केलं. माती वाळून तडकली. मन्सूरनी भेगा तशाच ठेवल्या, पुढे मुद्दाम येऊ दिल्या.

इथे बडोद्यात आमच्या घरी शाडूचा गणपती करतात. घाईने उन्हात ठेवला की सोंडेशी चीर जाते. आजोबा (तोंडाने पुटपुटत) ओल्या बोटाने ती बुजवायचे. रात्रीतून परत उघडायची. मन्सूरच्या चित्रांचे फोटो पाहिले तेव्हा पहिल्यांदा ते बोटच आठवलं.