गावचं तरुण मंडळ बंद करायचंय, मदत हवी आहे
मंडळी, करवीर तालुक्यातलं आमचं मंडळ आता बंद करायची वेळ आलीय, पोरं गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शिफ्टला नायतर पुण्याला, मीटिंगला कोण येत नाही, वर्गणीचं तर नावच नको. 2019 च्या पुरात ह्याच पोरांनी रात्रभर गोठ्यातली जनावरं सोडवून वर नेली होती, म्हणून लई जीवाला लागतंय.
रजिस्ट्रेशन 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली हाय. मंडळ कायद्यानं बंद करायला (विसर्जनाला) तीन पंचमांश सभासदांची संमती लागते आणि उरलेलं सामान, पैसे सभासदांत वाटता येत नाहीत एवढं कळलंय. पण निम्मे सभासद बाहेरगावी, त्यांची संमती कशी घ्यायची? बँक खातं आधी बंद करायचं का धर्मादाय आयुक्तांकडं अर्ज दिल्यावर? हलग्या, लेझीम आणि पुस्तकांचं कपाट दुसऱ्या गावच्या मंडळाला द्यायचा विचार हाय, चालेल का? कुणी केलं असेल तर सांगा.