मदत हवी आहे: पीसीआयई लिंक रिसेटच्या पॅचमधे डेडलॉक आहे का?

मंडळी, लिनक्स कर्नलमधे नेटवर्क ड्रायव्हरवर काम करणारं कोणी आहे का इथे? टीममधल्या एका ज्युनियरने पीसीआयई (कार्ड जोडायची बस) एरर रिकव्हरीचा पॅच (कोडमधला बदल) पाठवलाय, रिव्ह्यू माझ्याकडे आलाय. पोराने मन लावून केलंय, कायमचं फेल्युअर असेल तर डिस्कनेक्ट रिटर्न करतो, स्लॉट रिसेटनंतर कॉन्फिग स्पेस (कार्डची पीसीआयई सेटिंग) पण रिस्टोअर करतो.

अडलंय ते इथे. एरर आल्यावरच्या कॉलबॅकमधे तो आरटीएनएल लॉक (कर्नलमधला नेटवर्क सेटिंगसाठीचा सामाईक लॉक) घेतो आणि लॉक हातात असतानाच रिसेटचं वर्क (मागे वेगळं चालणारं काम) कॅन्सल करून ते संपायची वाट बघतो, पण त्या वर्कमधे पण तोच लॉक घेतलाय, म्हणजे वर्क आधीच सुरू झालेलं असेल तर दोघं एकमेकांसाठी अडकून बसणार ना? कॅन्सल लॉकच्या आधी करावं असं मला वाटतं, पण मग मधेच परत शेड्यूल झालं तर? डिव्हाइस डिटॅच केलं की टीएक्स वॉचडॉग (पाठवणं अडकलं तर रिसेट सुरू करणारा टायमर) गप्प बसतो, पण हे वर्क इंटरप्टमधून पण शेड्यूल होतं. तिथे फ्लॅग ठेवून अडवायचं की याहून बरी पद्धत आहे?

आणि रिसेट झाला का बघायला तो डन बिट १ व्हायची वाट बघतो. लिंक पडलेली असताना एमएमआयओ रीडला (कार्डचं रजिस्टर वाचताना) सगळेच बिट १ येतात, म्हणजे कार्ड गायब असूनही ड्रायव्हरला वाटणार काम झालं! आख्खी व्हॅल्यू सगळे १ तर नाही ना हे आधी तपास असं सांगणार आहे, ते पुरेसं आहे ना?

टेस्टिंग फक्त एईआर इंजेक्टने (मुद्दाम खोटी पीसीआयई एरर घालणारं टूल) झालंय, तेही ट्रॅफिक बंद असताना. तेवढ्यावर तुम्ही ओके द्याल का?