प्रतिसाद: सॉलिसिटर फर्म आणि १९६१ चा कायदा

वकिली व्यवसायाचं नियमन करणाऱ्या १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने मुंबईच्या सॉलिसिटर फर्म (पक्षकाराचं काम आणि कागदपत्रं सांभाळणाऱ्या वकिलांच्या भागीदारी संस्था) संपल्या, असं म्हटलं जातं. तसं नाही. अ‍ॅटर्नी (म्हणजे सॉलिसिटर) हा वकिलांचा वेगळा वर्ग गेला तो १९७६ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी १९७७ पासून. फर्म टिकल्या; १८३० ची क्रॉफर्ड बेली, १८५६ ची लिटल अँड कंपनी आजही आहेत. कामाची विभागणीही मोडली नाही: पक्षकार, कागदपत्रं, मसुदा फर्मकडे आणि युक्तिवाद काउन्सेलचा, म्हणजे कोर्टात बाजू मांडणाऱ्या वकिलाचा. मुंबई हायकोर्टाचे आदेश उघडा, वकिलाच्या नावापुढे अनेकदा 'आय/बी' आणि मग फर्मचं नाव दिसेल; म्हणजे 'इन्स्ट्रक्टेड बाय', 'यांच्या सूचनेवरून'.

फर्म टिकल्या तरी लहान राहिल्या, त्याचं एक मोठं कारण वेगळंच होतं: १९५६ च्या कंपनी कायद्यातली २० भागीदारांची मर्यादा.