मदत हवी आहे: नोंदवहीत सगळ्यालाच ‘नागमोडी कड’ लिहिलं जातंय, नेमकं कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी, गुहागरजवळच्या एका गावातून लिहितेय. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची जी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते तिचं काम आमच्याकडे चालू आहे, आणि झाडंझुडपं, अळंबी, खडकावरचे समुद्री जीव हा भाग मी आणि कॉलेजची मुलं मिळून करतोय. अडचण अशी की जिथे कड सरळ नाही तिथे सगळे ‘नागमोडी’ लिहून मोकळे होतात. रस्त्याकडेचा उंच खोटा अशोक नागमोडी, पानफुटी नागमोडी, ओंडक्यावरची अळंबी नागमोडी, ओहोटीला डबक्यात दिसणारा चपटा कृमी तोही नागमोडीच! उद्या कुणी वही उघडून जीव ओळखायला गेला तर त्याला यातून काय कळणार?

पानांचं जमतंय. पान कागदावर ठेवायचं, कड टेकत नाही आणि वरखाली होत राहते तर अन्ड्युलेट, खोट्या अशोकाची अशीच असते. पान सपाट बसलं पण बाहेरची रेषच आतबाहेर वळतेय तर सिन्युएट. पानफुटीला गोल दाते असतात, ते क्रीनेट, आणि तिची पिल्लं दात्यांमधल्या खाचेतूनच फुटतात म्हणून ती खाच तरी लिहायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

पण अळंबीची छत्री कोवळी असताना कड आत वळलेली, मग सरळ, आणि जून झाली की लाटा, मग कुठल्या वयाची लिहायची? आणि तो कृमी सरपटताना बऱ्यापैकी सपाट असतो, पोहायला लागला की कडेची झालर होते. माकुलाच्या (स्क्विडच्या) कडेच्या पराचंही तेच. कुणी अशा नोंदी केल्या असतील तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, पानाची कड पान दाबून सुकवायच्या प्रेसमध्ये घालायच्या आधीच लिहा, हे सगळ्यात महत्त्वाचं. मधल्या भागापेक्षा कड जास्त वाढली की ती जादा लांबी सपाटीत मावत नाही, म्हणून ती वरखाली होते, आणि दाबली की नुसत्या चुण्या राहतात. प्लास्टिकची पातळ पिशवी ओढून फाडा, ताणली गेलेली कड अशीच लहरते, २००२ साली एरन शॅरन आणि सहकाऱ्यांनी यावरच अभ्यास छापला होता.

अळंबीचं एकच वय निवडू नका. त्याच घोळक्यातली कोवळी आणि जून दोन्ही बघून दोन्ही लिहा, कोवळेपणी कड आत वळलेली होती की नव्हती हे ओळखायला फार कामाचं असतं.

कृमी आणि माकुलाची लाट मात्र हालचालीची आहे, ती पानाच्या रकान्यात टाकलीत तर घोळ होईल. ‘सरपटताना सपाट, पोहताना लहरी’ असं सरळ मराठीत लिहा आणि मोबाईलवर छोटा व्हिडिओ घ्या. हात लावू नका, फार नाजूक असतात, लगेच फाटतात.

मूळ लेखिका:
खूप खूप आभार! वहीत ‘कधी बघितलं’ असा रकाना आजच वाढवते. खडकावरचं ते पातळ हिरवं उल्वा शेवाळ पाण्याबाहेर काढलं की चिकटून गोळा होतं, त्याची कड कशी बघता?

प्रतिसाद:
पांढऱ्या ताटलीत समुद्राचंच पाणी घ्या, त्यात तरंगत सोडा आणि वरून एक, बाजूने एक असे दोन फोटो काढा.