'टेक' मुळात इंग्रजी नव्हेच

इंग्रजीतलं 'टेक' (take) म्हणजे घेणे, हे अस्सल जुनं इंग्रजी क्रियापद असं वाटू शकतं. पण तसं नाही. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी 'निमान' हे क्रियापद होतं, जर्मन 'नेहमेन'चं सख्खं भावंड. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी व्हायकिंग लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती करून राहिले आणि त्यांच्या नॉर्स भाषेतलं 'ताका' हळूहळू रुळलं. 'टुक' (took) आणि 'टेकन' (taken) ही रूपंसुद्धा तिकडचीच. 'दे' (they) आणि 'देम' (them) ही सर्वनामंही नॉर्सचीच देणगी! इतकी रोजच्या वापरातली क्रियापदं आणि सर्वनामं परक्या भाषेतून सहसा येत नाहीत, म्हणून मला हे फार विलक्षण वाटतं.

अर्थाचं म्हणाल तर नुसतं 'घेणे' पुरत नाही. इंग्रजीत औषध, फोटो, वेळ सगळ्यांना 'टेक'च; औषध आपणही घेतोच, पण फोटो काढतो, वेळ लागतो. परीक्षेत तर दिशाच उलटी: इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो, मराठीत देतो, घेतात ते शिक्षक.

'निमान' मात्र पुरतं मेलं नाही. बधिर या अर्थाचा 'नम' (numb) त्याच्यातूनच आला: ज्याची संवेदना 'घेतली गेली' तो. त्याच्या स्पेलिंगमधलं शेवटचं 'बी' हे अक्षर नंतर चिकटलेलं आहे.