पाइप स्प्रिंग: आधी किल्ला की आधी झरा?

वाटसरू:
दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत झायन राष्ट्रीय उद्यानातून ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमकडे (उत्तर कड्याकडे) जाताना अ‍ॅरिझोनातल्या पाइप स्प्रिंग या झऱ्याच्या राष्ट्रीय स्मारकाला थांबलो. जेमतेम 40 एकर जागा, चहूबाजूंनी कैबाब पायूट या मूळ अमेरिकी जमातीचं रिझर्व्हेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेला प्रदेश. सगळे बघायला येतात तो विन्सर कॅसल, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 1870 ते 72 मध्ये बांधलेला दगडी किल्ला. समोरासमोर दोन दुमजली इमारती, मध्ये चौक, भिंतींत जंग्या, म्हणजे बंदुका रोखायची भोकं. झऱ्याचं पाणी खेळवून दूध, लोणी, चीज जिथे गार ठेवत, त्या खोलीत मी बराच वेळ उभा होतो. किल्ला झऱ्याच्या शेजारी नाही, झऱ्यावरच बांधलाय! मैलोन्‌मैल कोरड्या मुलखात पायूट पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर जगले, ते पाणी एका रात्रीत दुसऱ्याच्या घरात गेलं. म्हणून माझं ठाम मत आहे की इथे जाणाऱ्याने आधी संग्रहालयातला पायूट लोकांचा भाग बघावा, किल्ला नंतर.

सांजवात:
नाही पटलं. किल्ला हौसेने बांधलेला नाही. 1863 मध्ये इथे गुरं घेऊन आलेला जेम्स व्हिटमोर आणि त्याचा सोबती 1866 च्या जानेवारीत मारले गेले. त्यानंतर तिथे राहणाऱ्या बायकामुलांना भीती वाटणारच. आणि ती तारेची खोली बघितलीत ना? डिसेंबर 1871 मध्ये अ‍ॅरिझोना टेरिटरीतलं (तेव्हा ते राज्य झालं नव्हतं) पहिलं तारघर तिथे सुरू झालं, आणि तार चालवायला बसली एलायझा ल्युएला स्ट्युअर्ट, एक तरुण मुलगी. त्या ओसाडीत, 1871 मध्ये! मला त्या खोलीतून पाय निघेना. त्या बायकांच्या कष्टांना दुय्यम का ठरवायचं?

वाटसरू:
ल्युएलाबद्दल पूर्ण मान्य. पण व्हिटमोरची गोष्ट अर्धी सांगू नका. त्याला मारणारे नावाहो या दुसऱ्या मूळ जमातीचे होते असं मानलं जातं. सूड म्हणून मिलिशियाने, म्हणजे वसाहतवाल्यांच्या सशस्त्र तुकडीने, गोळ्या घातल्या त्या पायूट माणसांना. भीती दोन्हीकडे होती, जंग्या मात्र एकाच बाजूला.

रानवारा:
पाण्याइतकंच गवताचं बोला. पायूट बायका रानगवताचं बी गोळा करून दळायच्या, ते त्यांचं धान्य. मॉर्मन चर्चला दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणून आलेल्या गुरांचे कळप इथे चरायला सोडले आणि काही वर्षांत कुरणं उजाड झाली. बंदूक न उचलताही माणसं उपाशी राहिली. किल्ल्यात हे दिसत नाही, बाहेर माळावर उभं राहून बघावं लागतं.

सांजवात:
हे मला माहीत नव्हतं, आणि वाचून वाईट वाटलं. तरीही म्हणेन, आधी किल्लाच बघावा. मुलांना घेऊन गेलात तर दगडी भिंत हाताला लागते, मग ती आपणच विचारतात की पाणी आतमध्ये का? तिथून पायूट लोकांची गोष्ट सुरू करता येते. आमच्या मुलीने नेमकं हेच विचारलं होतं.

रानवारा:
मग तिला पुढचंही सांगा. 1933 मध्ये त्या पाण्याचे तीन वाटे झाले: एक स्मारकाला, एक गुरंवाल्यांना आणि एक पायूट लोकांना. त्यांच्याच झऱ्याचा एक तृतीयांश.