प्रति: साध्या जॉयस्टिकला स्पिनर जोडावा का?

निपाणीकर, आठ दिशांची साधी जॉयस्टिक आणि शेजारी स्पिनर (गोल फिरवायची घुंडी) लावून ‘इकारी वॉरियर्स’ (1986) हा आर्केड गेम चालेल, पण एक हात स्पिनरवर गेला की गोळीबाराच्या बटणाला हात उरत नाही. बारा टप्प्यांची रोटरीच घ्या, म्हणजे जिचा दांडा गोल फिरवला की सैनिक वळतो अशी जॉयस्टिक. एका खटक्याला 30 अंश. तिला बारा वायरी आणि एक कॉमन, म्हणजे सगळ्यांची सामाईक वायर. नेहमीचा बटण-एन्कोडर (बटण दाबलेलं संगणकाला कळवणारा बोर्ड) इथे कामाचा नाही, कारण तो बारा टप्पे बारा वेगळी बटणं म्हणून कळवतो आणि मेमला (संगणकावर आर्केड गेम चालवणारा प्रोग्रॅम) फक्त टप्पा पुढे की मागे एवढंच सांगायचं असतं. त्याऐवजी प्रो मायक्रो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड घ्या; त्याच्या 18 पिनांत बारा टप्पे, चार दिशा बसून दोन बटणं उरतात. दोन टप्प्यांमध्ये एकही कॉन्टॅक्ट लागत नसेल तेव्हा प्रोग्रॅममध्ये जुनाच टप्पा धरून ठेवा, नाहीतर सैनिक भलतीकडे वळतो. 18 मिमी प्लायच्या पॅनेलवर जॉयस्टिकचा दांडा आखूड पडतो. खालून खाच मारा. आणि खानापूरकडचा पाऊस बघता प्लाय मरीनच घ्या.